तिसऱ्या पिनेचा अर्थ

इतिहास म्हटला की आमच्या सातारा जिल्ह्यात तो तलवारीपासून सुरू होतो. दुसऱ्या कशापासून सुरू करायला माणूस बिचकतोच. पण तलवारीला काही आपण रोज हात लावत नाही. रोज दहा वेळा हात लावतो तो भिंतीवरच्या प्लगला, आणि त्याची बखर कुणी लिहिलेली नाही. साधं नावसुद्धा धड ठरलेलं नाही. भिंतीवर असतो तोही प्लग आणि वायरच्या टोकाला असतो तोही प्लगच! दुकानदार तेवढा भिंतीवरच्याला सॉकेट आणि वायरच्याला 'टॉप' म्हणतो. आपण मात्र "प्लगमध्ये प्लग बसत नाही" असं सांगतो आणि समोरच्याला ते बरोबर कळतं.

कराडातली विजेची गोष्ट सांगायची तर ती कंदिलापासून सांगावी लागते. टाटांनी १९१५ साली खोपोलीला पाण्यावर वीज करून मुंबईला पाठवली आणि पुढच्याच वर्षी, म्हणजे १९१६ साली, इकडे ओगले मंडळींनी काचेचा कारखाना काढला. पुढे तिथला 'प्रभाकर' कंदील घरोघर गेला आणि जागेचं नावच ओगलेवाडी पडलं. कंदिलाचं एक बरं होतं. वात वर-खाली करायची, काच राखेनं पुसायची, झालं. त्याला पिन नव्हती, त्यामुळे ती सैल होत नसे. थोडा दाबून, किंचित डावीकडे कलता धरून "आता लागला, हलू नका कुणी!" असं कंदिलाच्या बाबतीत कुणाला ओरडावं लागलं नाही.

मग कोयना आली. १९६२ साली पोफळीची पहिली यंत्रं फिरली. प्रीतिसंगमावर संध्याकाळी शेंगा खात बसलेल्या पुष्कळांची अशी समजूत असते, की समोरून कृष्णेला भेटायला येणारं पाणी वीज करून दमूनभागून आलेलं आहे. तसं ते नाही. विजेचं बहुतेक पाणी बोगद्यानं सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला जातं, पोफळीला राबतं आणि वाशिष्ठीतून चिपळूणकडे उतरतं. आपल्याकडे येतं ते बाकीचं. त्यातलं काही धरणाच्या पायथ्याशी थोडीफार वीज करून येतं, इतकंच. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे भूकंपानं कोयनानगर उद्ध्वस्त केलं, दीडशेच्या वर माणसं गेली. त्या पहाटेबद्दल सांगणारे लोक कराडात अजून आहेत. त्या विषयावर ते थट्टा करत नाहीत, म्हणून मीही करत नाही.

घरात वीज शिरली ती फक्त दिव्यापुरती. खोलीला एक दिवा, लाकडी पट्टीवरून धावणारी वायर, सागवानी बोर्डावर काळं टपोरं बटण. प्लग हवा कशाला? त्यात लावणार काय? पुढे इस्त्री आली, रेडिओ आला, तेव्हा लोकांनी दिवा काढून होल्डरमध्येच इस्त्री लावली. म्हणजे परीटघडी हवी तर अंधारात, नाहीतर सुरकुत्यांसकट उजेडात! हसू नका, अमेरिकेतही तेच चाललं होतं. तिथल्या हार्वे हबल नावाच्या गृहस्थानं १९०४ साली दिव्याच्या होल्डरमध्ये बसणारा आणि पिना ओढून सोडवता येणारा प्लग काढला, तेव्हा कुठे लोकांची अडचण दूर झाली. आपल्याकडे अडचण दूर करायला काडेपेटी होती. वायरची दोन उघडी टोकं सॉकेटमध्ये घालायची आणि वर दोन काड्या ठोकायच्या! टॉपचे चार पैसे वाचवण्यासाठी जिवाची जोखीम घेणाऱ्यांत माझ्या ओळखीचे तीन चांगले शिकलेले लोक आहेत.

गोल पिना आपल्याला इंग्रजांनी दिल्या. त्यांचं मानक क्रमांक ५४६, साल १९३४. पाच अँपिअरची बारीक, पंधराची जाड. गंमत अशी, की १९४७ साली इंग्रज इथून गेले आणि त्याच साली स्वतःच्या घरी त्यांनी गोल पिन सोडून चौकोनी पिनेचं नवं मानक आणलं, आत फ्यूज वगैरे घालून. युद्धानंतर घरं बांधायची होती आणि तांबं वाचवायचं होतं. आपण स्वातंत्र्य घेतलं आणि गोल पिन ठेवून घेतली. दक्षिण आफ्रिकेनंही पंधराची जाड पिन जपली. फरक इतकाच, की आता पाच-पंधराला सहा-सोळा म्हणतात. महागाई कुठेकुठे शिरते पाहा!

खरं दुखणं मात्र मिलिमीटरांत आहे. पाचाच्या टॉपच्या, वीज वाहणाऱ्या दोन पिना साधारण पाच मिलिमीटर जाड, पंधराच्या सात. मोबाईलच्या पुष्कळ चार्जरांच्या पिना युरोपी घाटाच्या, चार मिलिमीटरच्या. थोरल्याचा सदरा धाकट्याला घातल्यावर जे होतं, ते इथे होतं. चार्जर मान टाकतो. त्यावर तोडगा म्हणून सर्वधर्मसमभावाची सॉकेटं निघाली. त्यांत जगातली कुठलीही पिन जाते आणि बहुधा एकही नीट बसत नाही.

सॉकेटच्या आत पितळी पट्ट्या असतात, चिमट्यासारख्या. त्यांनी पिन घट्ट धरायची, एवढीच त्यांची नोकरी. वर्षानुवर्षं ओढाताण झाली की चिमटा ढिला पडतो. ढिल्या जागी वीज पुरेशी जागा न मिळाल्यामुळे तापते. तापलं की पितळेचा ताठा आणखी जातो, वर काजळी धरते, आणि त्यामुळे ते आणखी तापतं. चक्रवाढ व्याजाचे तक्ते ज्यानं हातानं मांडले आहेत, त्याला हे निराळं समजावून सांगायला नको. शेवटी एक दिवस करपल्याचा वास येतो आणि घरातली सगळी मंडळी आधी स्वयंपाकघरात धावतात.

पूर्वीच्या टॉपच्या पिनांना मधोमध चीर असे. ढिली झाली की सुरीच्या टोकानं चीर थोडी फाकवायची. हा उपाय घराघरात चाले, आणि त्यानं पिन बसे, पण बिचारा चिमटा आणखी फाकत जाई. याच्या उलट जातीचं सॉकेट म्हणजे ताठ. नवं असेल तर आतला पडदा कडक असतो, जुनं असेल तर रंगाऱ्यानं डिस्टेंपर त्याच्या पोटात घातलेला असतो, नाहीतर टॉपची पिनच वाकलेली असते. त्यात शिवणयंत्राचं तेल सोडणारे थोर लोक आहेत. तेल धूळ धरतं, धूळ दमट होते, पुढचं सांगत नाही.

"सायेब, ह्याची पकड गेलीया," आमचा वायरमन सॉकेटला नुसतं बोट लावून सांगतो. "म्हातारं झालंय. दुरुस्ती न्हाई करायची. बदलायचं."

"नुसती पट्टी दाबून नाही का चालणार?"

"चालंल की. पर मग मला दोन महिन्यानं रातच्याला बोलवू नगा."

मेन स्विच बंद केल्याशिवाय तो बोर्डाचा स्क्रू सोडत नाही आणि बंद केल्यावरही टेस्टर लावून बघतो. गीझर आणि इस्त्री सहाच्या सॉकेटवर दिसली की तो घरमालकाकडे बघतो, त्या बघण्यात सगळं येतं. दोन हजार वॅटचा गीझर पावणेनऊ अँपिअर ओढतो, हा भागाकार कुणालाही जमेल.

आता तिसरी पिन. ती लांब असते, कारण तिनं आधी आत जाऊन सर्वांत शेवटी बाहेर यायचं असतं. जाड असते, कारण तिनं चुकून दुसऱ्या भोकात शिरायचं नसतं. आणि आत शिरताना ती बाकीच्या दोन भोकांवरचा पडदा उघडते. हिचं नाव अर्थ. इंग्रजीत त्याला जमीन म्हणतात. मराठीत लिहिलं की उगाच तत्त्वज्ञान वाटतं. दोन पिनांचा टॉप पडदा उघडत नाही म्हणून तिसऱ्या भोकात बॉलपेन खुपसणारे लोक घरोघर सापडतात. ते पेन पुढे कुणी सहीसाठी मागितलं तर सापडत नाही.

सोमवार पेठेतल्या एका जुन्या वाड्यात काकूंच्या मिक्सरला हात लावला की मुंग्या येत. वायरमननं बोर्ड उघडला. आत डिस्टेंपरचे चार थर, पालीची दोन अंडी, गुलाशिवायच्या दोन काड्या आणि एक व्यवस्थित जोडलेली अर्थची वायर. वायर सरळ मोरीत गेलेली आणि नळाच्या लोखंडी पाइपाला बांधलेली. पूर्वीची पद्धतच ती. पाइप जमिनीत जातो, म्हणजे वीजही जाणार. फक्त मध्ये कधीतरी नळ नवे झाले आणि लोखंडाच्या जागी प्लास्टिक आलं. वायर तेवढी कुणीतरी मोठ्या निष्ठेनं प्लास्टिकच्या पाइपाला पुन्हा गुंडाळून ठेवली होती.

"काकू, अर्थच न्हाई ह्याला," तो म्हणाला. "परसात खड्डा घ्यावा लागंल. पाइप, कोळसा, मीठ. उन्हाळ्यात वरनं पाणी घालत जावा."

काकूंनी पदर खोचला. "मीठ किती लागेल रे? आणि जाडंच चालेल ना, का आयोडीनचं आणू?"