पाया खोदताना इतिहासाची नोंद

जुन्या शहरातील इमारत पाडून तेथे नवी उभारताना पायाचा खड्डा अनेकदा आधीच्या वस्त्यांच्या थरांतून जातो. राख, विटा, खापरे, बुजलेल्या विहिरी असे अवशेष त्यात एकावर एक साचलेले असतात. पुरातत्त्वशास्त्रात वस्तूइतकेच महत्त्व ती कोणत्या थरात सापडली याला असते. त्यामुळे यंत्राने उपसलेली माती ट्रकमध्ये भरली गेली, की हा पुरावा कायमचा नाहीसा होतो. तो टिपण्यासाठी खोदकामाच्या वेळी तज्ज्ञाने जागेवर हजर राहण्याच्या पद्धतीला पुरातत्त्वीय निरीक्षण म्हणतात.

या कामाची सुरुवात कुदळीने नव्हे, कागदपत्रांनी होते. जुने नकाशे व पूर्वीच्या उत्खननांच्या नोंदी तपासल्या जातात. गरज भासल्यास चाचणीचे चर खणले जातात. प्रत्यक्ष खोदकामात दात नसलेल्या सपाट बकेटने मातीचे पातळ थर काढले जातात. अवशेष दिसताच यंत्र थांबवून त्यांची मोजमापे, रेखाटने व छायाचित्रे घेतली जातात. शेवटी अहवाल तयार होतो आणि वस्तू संग्रहालयाकडे जातात.

ही व्यवस्था कशी घडली, हे लंडनमध्ये स्पष्ट दिसते. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बवर्षावाने उद्ध्वस्त झालेल्या वॉलब्रुक भागात कार्यालयीन इमारत उभारण्यापूर्वी डब्ल्यू. एफ. ग्राइम्स यांनी केलेल्या उत्खननात १९५४ साली मिथ्रस या देवाचे रोमनकालीन मंदिर उघड झाले. ते पाहण्यासाठी हजारो लोकांच्या रांगा लागल्या. तरीही बांधकाम व्हायचेच होते. मंदिराचे दगड हलवून १९६२ साली जवळच दुसऱ्या जागी ते पुन्हा रचण्यात आले.

पुढे १९८९ साली थेम्सच्या दक्षिण काठावर, एका कार्यालयीन प्रकल्पाच्या जागी, १५८७ साली बांधलेल्या ‘रोझ’ या नाट्यगृहाचे अवशेष सापडले. त्यांच्या रक्षणासाठी रंगकर्मी रस्त्यावर उतरले. अखेर इमारतीचा आराखडा बदलून अवशेष तिच्याखाली जतन करण्यात आले. परवानगी दिल्यानंतर निघालेला तोडगा सर्वांनाच महाग पडतो, हा धडा त्यातून मिळाला. नोव्हेंबर १९९० मध्ये इंग्लंडमध्ये ‘पीपीजी १६’ हे मार्गदर्शक धोरण जाहीर झाले. शक्य तेथे महत्त्वाचे अवशेष जागेवरच जतन करावेत, अन्यथा ते नष्ट होण्यापूर्वी विकासकाच्या खर्चाने त्यांची नोंद व्हावी, हे तत्त्व त्याने रुजविले. या धोरणाची जागा पुढे नव्या नियमांनी घेतली, पण तत्त्व कायम राहिले.

त्याचे फळ वॉलब्रुकच्याच भूमीत दिसले. मिथ्रस मंदिराच्या मूळ जागी ब्लूमबर्ग कंपनीच्या युरोपीय मुख्यालयासाठी २०१० ते २०१४ या काळात पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केले. त्यात १४ हजारांहून अधिक वस्तू आणि ४०० हून अधिक लाकडी लेखनपट्ट्या मिळाल्या. ओलसर चिखलात हवा न पोहोचल्याने लाकूड टिकले होते. एका पट्टीवर इसवी सन ५७ मधील ८ जानेवारीची तारीख असून १०५ दिनार देणे असल्याची कबुली आहे. मंदिरही मूळ जागेजवळ परत आले व २०१७ साली जनतेसाठी खुले झाले.

भारतात २०१० च्या कायदादुरुस्तीने राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकांभोवतीचे १०० मीटर क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर क्षेत्र नियंत्रित ठरविले. हे रक्षण मुख्यतः ज्ञात स्मारकांभोवतीचे आहे. जमिनीखालच्या अज्ञात अवशेषांसाठी मात्र परवानगीच्या कागदावरच निरीक्षणाची अट, वेळ आणि खर्चाची तरतूद असावी लागते. खड्डा खणून झाल्यावर बोलाविलेल्या तज्ज्ञाच्या हाती फारसे काही उरत नाही.