जिताड्याचा पडसाद

पेण म्हटले की बहुतेकांना गणपतीच्या मूर्ती आठवतात. खारेपाटातल्या माणसाला मात्र त्याबरोबर आणखी एक नाव आठवते, ते म्हणजे जिताडा. खारेपाट म्हणजे खाडीचे पाणी बांध घालून अडवून भाताखाली आणलेली जमीन. या बांधांना पाणी आत-बाहेर करण्यासाठी दारे असतात, त्यांना उघाडी म्हणतात. भरतीच्या पाण्याबरोबर जिताड्याची बोटभर पिल्ले उघाडीतून आत शिरत. ती घराजवळच्या तळ्यात सोडून वाढवायची आणि पाहुण्यांसाठी राखून ठेवायची, ही पेण-अलिबाग पट्ट्यातली जुनी रीत. याच माशाला ऑस्ट्रेलियात ‘बारामुंडी’ म्हणतात. हौसेने गळ टाकणाऱ्या तिथल्या लोकांचा तो मानाचा मासा आहे. शास्त्रीय नाव लेट्स कॅल्कॅरिफर.

आपल्याकडेही आता अशी हौस वाढली आहे. धरमतरच्या खाडीत किंवा रोह्याखाली कुंडलिकेच्या खाडीत गळवाले होडी काढतात, तेव्हा कोणाच्या होडीत वहीएवढा एक पडदा असतो. त्यावर खाडीचा तळ रेषेसारखा सरकत जातो आणि रेषेच्या वर अधूनमधून धनुकलीच्या आकाराची खूण उमटते. गळवाला म्हणतो, “हा मासा.” खाडीचे पाणी इतके गढूळ असते की हात कोपरापर्यंत बुडवला तर बोटे दिसत नाहीत. मग तीन-चार मीटर खालचा मासा या पडद्याला कसा दिसला? उत्तर शोधू लागलो की एक गंमत लक्षात येते. हे यंत्र ज्यांनी घडवले, त्यांतल्या पहिल्या कोणालाही मासा नको होता.

वाव आणि पाऊणकी

यंत्रापूर्वी खाडीवरच्या माणसाला तीन गोष्टी ठाऊक असाव्या लागत: पाणी किती खोल, भरती केव्हा आणि आपण नेमके कुठे आहोत.

खोली मोजायची ती वावांत. दोन्ही हात पसरले की एका हाताच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत एक वाव. दोरीला शिशाचा गोळा बांधून सोडायची आणि वर ओढताना वाव मोजायचे. जगभरचे खलाशी गोळ्याच्या बुडाला चरबी फासत, म्हणजे तळाची वाळू किंवा चिखल चिकटून वर येई आणि तळ कसला आहे तेही कळे.

भरतीची वेळ तिथीवरून काढायची. मुंबईच्या किनाऱ्यासाठी हिशेब सोपा: तिथीची पाऊणपट करा. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास. पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तासांनी पुढे सरकते, म्हणजे तिथीमागे सुमारे ४८ मिनिटे. पाऊणकीत आपण ४५ धरतो. पौर्णिमेला हिशेब सव्वाअकरा सांगतो आणि भरती बाराच्या आसपास येते. तोंडी करायच्या हिशेबाला एवढी चूक परवडते. शिवाय खाडीत जितके आत जावे, तितकी भरती उशिरा पोचते. तो फरक ज्याने त्याने आपल्या गावासाठी लक्षात ठेवायचा.

जागा ठरवायची ती खुणांनी. एका बाजूला डोंगराचा सुळका आणि देवळाचा कळस एका ओळीत आणायचे, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या दोन खुणा. या दोन ओळी जिथे छेदतात, तिथे आपण. भूमितीचे हे प्रमेय शाळेत न गेलेल्या नाखव्यालाही पाठ असे.

हिमनग, पाणबुडी आणि खोटा तळ

पाण्यात प्रकाश फार दूर जात नाही. गढूळ पाण्यात तर नाहीच. ध्वनी मात्र जातो, आणि हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने. १८२६ मध्ये कोलाडाँ आणि स्टुर्म यांनी जिनिव्हाच्या सरोवरात तो वेग मोजला. एका होडीतून पाण्याखालची घंटा वाजवायची, त्याच क्षणी दारूचा भडका उडवायचा. दूरच्या होडीतल्या माणसाने भडका पाहिल्यापासून घंटा ऐकू येईपर्यंतचा वेळ मोजायचा. उत्तर आले सेकंदाला १४३५ मीटर. सरोवराचे पाणी थंड होते. आपल्याकडच्या कोमट पाण्यात हा वेग १५०० मीटर किंवा थोडा अधिक असतो.

या माहितीचा उपयोग करायची निकड एका अपघाताने आली. १५ एप्रिल १९१२ रोजी ‘टायटॅनिक’ हिमनगावर आपटून बुडाली. त्यानंतर काही दिवसांतच इंग्लंडच्या लुइस फ्राय रिचर्डसन यांनी पडसादावरून अडथळा ओळखण्याच्या कल्पनेचे पेटंट मागितले. हवामानाचे भाकीत गणिताने करू पाहणारे रिचर्डसन ते हेच. १९१४ च्या एप्रिलमध्ये रेजिनाल्ड फेसेन्डेन यांनी न्यूफाउंडलंडजवळ एका हिमनगाचा पडसाद सुमारे तीन किलोमीटरवरून प्रत्यक्ष ऐकला.

मग पहिले महायुद्ध आले आणि हिमनगाची जागा पाणबुडीने घेतली. फ्रान्समध्ये पॉल लांजव्हँ यांनी क्वार्ट्‌झ स्फटिकाच्या चकत्या वापरल्या. या स्फटिकाला विजेचा झटका दिला की तो थरथरतो, आणि तो दाबला की वीज देतो. दाबविद्युतेचा हा गुण १८८० मध्ये झाक आणि पिएर क्युरी या भावांनी शोधला होता, आणि लांजव्हँ हे पिएर क्युरींचे विद्यार्थी. एकच चकती बोलण्याचे आणि ऐकण्याचे काम करू लागली. पुढे या विद्येला ‘सोनार’ हे नाव पडले; आपल्या पेढीवरच्या सोनाराशी त्याचे काही नाते नाही.

युद्धानंतर हेच तंत्र खोली मोजण्यासाठी आले. १९२५ ते १९२७ या काळात जर्मनीच्या ‘मेटेओर’ जहाजाने दक्षिण अटलांटिक महासागरात पडसादांनी हजारो ठिकाणी खोली मोजली. शिशाच्या गोळ्याने खोल समुद्रातली एक नोंद घ्यायला तासन्‌तास लागत. इथे काम काही सेकंदांत होई.

पण कागदावर तळाची रेषा उमटत असताना तिच्या वरच्या अंगाला मधूनच डाग दिसत. खोली मोजणाऱ्याच्या दृष्टीने तो नुसता अडथळा. नॉर्वेचे ओस्कार सुंद यांनी मात्र या डागांकडेच लक्ष दिले. लोफोटेन बेटांजवळ कॉड मासे अंडी घालायला जमतात, तिथे त्यांनी माशांच्या थव्याचे आलेख मिळवले आणि १९३५ मध्ये ‘नेचर’ साप्ताहिकात छापले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांना तर काही शे मीटर खोलीवर अख्खा एक ‘खोटा तळ’ सापडला. तो दिवसा खाली असे आणि संध्याकाळी वर येई. तळ कसा वर येईल? १९४५ मध्ये मार्टिन जॉन्सन यांनी दाखवून दिले की ही सजीवांची हालचाल आहे. छोटे मासे आणि इतर प्राणी रोज रात्री खाण्यासाठी वर चढतात.

एकाची अडचण ती दुसऱ्याची माहिती, असे विज्ञानात पुष्कळदा घडते. जपानमध्ये फुरुनो बंधूंनी खोली मोजण्याच्या यंत्रात फेरफार करून १९४८ मध्ये मासे शोधणारे यंत्र कोळ्यांसाठी बाजारात आणले. अमेरिकेत १९५७ पासून लोरन्स कुटुंबाने हौशी गळवाल्यांना परवडेल आणि छोट्या होडीत मावेल असा डबा करायला घेतला. पुढे उपग्रहांवरून जागा सांगणारी जीपीएस यंत्रणा आली. तिच्यात नागरिकांसाठी मुद्दाम ठेवलेली चूक अमेरिकेने २ मे २००० रोजी काढून टाकली, आणि शंभरेक मीटरची अनिश्चितता दहा-वीस मीटरांवर आली. सुळका आणि कळस यांचे काम पडद्यावरचा ठिपका करू लागला.

पोटातली हवा

पडसाद नेमका कशाचा येतो? माशाचे मांस पाण्याहून फारसे वेगळे नसते, त्यामुळे ध्वनी त्यातून जवळजवळ सरळ निघून जातो. पण बहुतेक सकाट माशांच्या पोटात हवेची एक पिशवी असते, तिला वाताशय म्हणतात. पाण्यात वर-खाली तरंगण्यासाठी ती उपयोगी पडते. पाणी आणि हवा यांच्या सीमेवर ध्वनी जवळपास पूर्ण परततो. म्हणून वाताशय असलेल्या माशाच्या पडसादातला ९० टक्क्यांच्या आसपासचा वाटा एकट्या पिशवीचा असतो. मुशीला, म्हणजे शार्कला, वाताशय नसते, म्हणून मोठी मुशीही तिच्या आकाराच्या मानाने फिकी उमटते. घोळ माशाचे वाताशय आपल्याकडे ‘बोत’ म्हणून ओळखले जाते आणि मांसापेक्षा किती तरी महाग विकले जाते. जिताड्यालाही वाताशय असते. थोडक्यात, यंत्राला मासा दिसत नाही. त्याच्या पोटातली हवा ऐकू येते.

आता थोडे गणित करू. खाडी सहा मीटर खोल असेल, तर ध्वनीला जाऊन-येऊन बारा मीटर जायचे. वेग १५०० मीटर धरला तर वेळ ०.००८ सेकंद. आता रोह्यापासून रेवदंड्यापर्यंतचे पाणी पाहा. मुळशी धरणाचे पाणी १९२७ पासून भिरा येथील वीजगृहातून कुंडलिकेत उतरते, त्यामुळे वरच्या भागात उन्हाळ्यातही गोडे पाणी वाहते. रेवदंड्याला मात्र समुद्र. कोमट खाऱ्या पाण्यात ध्वनीचा वेग १५४० च्या आसपास असतो. हाच वेग धरून चालणारे यंत्र रोह्याच्या गोड्या पाण्यात सहा मीटरांऐवजी ६.१६ मीटर दाखवील. खाडीच्या तळाशी सैल, पातळ चिखलाचा थर असतो, तिथे आणखी एक अडचण येते. सेकंदाला दोन लाख कंपने असलेला बारीक आवाज चिखलाच्या पृष्ठावरूनच परततो, तर पन्नास हजार कंपनांचा जाड आवाज थोडा आत शिरून घट्ट तळ गाठतो. एकाच जागी खोलीचे दोन आकडे येतात आणि दोन्ही खरे असतात.

पडदा हा खरे तर इतिहास आहे. त्याची उजवी कड म्हणजे आत्ताचा क्षण. डावीकडे सरकत जाते ते होऊन गेलेले. धनुकली उमटते तीही त्यामुळेच. होडी पुढे जाताना मासा ध्वनीच्या शंकूच्या कडेला असतो तेव्हा अंतर जास्त, बरोबर खाली असतो तेव्हा कमी, पुन्हा कडेला गेला की जास्त. या बदलत्या अंतरांची वक्ररेषा म्हणजे धनुकली. शंकूचा कोन २० अंश असेल, तर सहा मीटर खोलीवर फक्त दोन मीटर रुंदीचे वर्तुळ ऐकले जाते. होडीच्या दोन्ही अंगांची उरलेली खाडी यंत्राला माहीतच नसते.

पडदा काय सांगत नाही

मासा कोणता, हे पडदा सांगत नाही. तो किती मोठा, हेही खात्रीने नाही. शंकूच्या कडेचा मोठा मासा लहान भासतो. आणि जिताड्याच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट तो मुळीच सांगत नाही. जिताडा बहुधा आधी नर असतो. तीन-चार वर्षांचा झाला की नर म्हणून वयात येतो आणि आणखी काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे खाडीतले सर्वांत मोठे जिताडे बहुतेक माद्या असतात, आणि मोठी मादी एका हंगामात लाखोंनी अंडी घालते. हौशी गळवाल्याला फोटोसाठी हवा असतो तो नेमका हाच मासा.

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्याने यावर मोजपट्टीचा उपाय काढला. तिथे ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठा बारामुंडी पाण्यात परत सोडावा लागतो. लहानाला वाढू द्यायचे आणि मोठीला अंडी घालू द्यायची. आपल्याकडे पावसाळ्यात समुद्रातल्या यांत्रिक नौकांना बंदी असते. जिताडे पावसाळ्याच्या सुमारास उधाणाच्या दिवसांत खाडीच्या मुखाशी अंडी घालतात आणि पिल्ले भरतीबरोबर आत येतात. मुखाशी अंडी आणि आत वाढ, असा त्यांचा जीवनक्रम असल्याने पाण्याची वाट दोन्ही बाजूंनी मोकळी राहावी लागते. उघाडी बंद झाली, बांधाआडची पाणथळ बुजली, की पिल्लांना जागा उरत नाही. चेन्नईच्या खाऱ्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९७ मध्ये भारतात प्रथमच बंदिस्त जागेत जिताड्याचे बीज तयार केले, त्यामुळे तळ्यात आज विकत आणलेले बीज सोडता येते. खाडीत मात्र तसे नाही. तिथला जिताडा तिथल्या माद्यांवर आणि उघड्या वाटांवरच अवलंबून आहे.

वर्गात करून पाहण्यासारखे

शाळेच्या लांब भिंतीपासून ८५ मीटरवर उभे राहून टाळी वाजवा. पडसाद परतेल त्याच क्षणी पुढची टाळी पडेल असा ताल धरा आणि वीस टाळ्यांच्या अंतरांना लागणारा एकूण वेळ मोजा. सेकंदाला ३४० मीटर हा वेग धरला तर तो दहा सेकंदांच्या आसपास यायला हवा. मग मुलांना विचारा: पाण्यात हाच प्रयोग केला, तर भिंत किती दूर लागेल?

पेण-रोहा परिसरातल्या शाळांना दुसराही एक प्रयोग करता येईल. आपल्या गावाच्या बांधाला किती उघाडी आहेत, त्यांपैकी आज चालू किती, जिताड्याची पिल्ले कोणत्या महिन्यात, कोणत्या तिथीला दिसत आणि शेवटची केव्हा दिसली, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून वहीत लिहून काढा. गावाच्या नकाशावर उघाडी दाखवा आणि प्रत्येकीपुढे ते वर्ष लिहा. दरवर्षी नव्या तुकडीने त्यात भर घातली, तर पाच-सहा वर्षांत खाडीची जी नोंद तयार होईल, ती गळवाल्याच्या पडद्यावर मिळणार नाही.