डोंगरापलीकडचे पाणी

डोंगरात फिरताना वाटेवरच्या हौदाशी आपण थबकतो, ओंजळ पुढे करतो, आणि पाणी थंड व नितळ लागले की निःशंक पितो. युनियनच्या कामासाठी घाट चढता-उतरताना आम्हीही वर्षानुवर्षे असेच प्यालो. 'डोंगराचे पाणी, त्याला काय होते!' हाच समज १८७२ साली स्वित्झर्लंडमधल्या लाउझेन गावाला भोवला.

लाउझेन हे बाझेलजवळचे, ज्युरा डोंगरातले खेडे (लोझान शहर ते निराळे). वस्ती सुमारे ७८०. पायथ्याच्या झऱ्याचे पाणी गावच्या सार्वजनिक हौदांत आणलेले. त्या ऑगस्टमध्ये विषमज्वराची साथ फुटली आणि एकूण १३० माणसे आजारी पडली. स्वतःच्या विहिरीचे पाणी पिणारी सहा घरे तेवढी वाचली.

डॉ. हेगलर यांनी माग काढला. डोंगरापलीकडच्या खोऱ्यात, मैलभरावर, एका शेतघरात जूनपासून विषमज्वराचे रोगी होते. त्यांची घाण ओढ्यात जाई. जुलैत तोच ओढा अडवून कुरणे भिजवली, आणि त्याच सुमारास लाउझेनच्या हौदांचे पाणी गढूळ झाले. पण मध्ये अख्खा डोंगर! गावकऱ्यांना मात्र एक जुनी गोष्ट ठाऊक होती. काही वर्षांमागे त्या शेताजवळ जमिनीत भोक पडले होते. त्यात ओढा सोडताच तास-दोन तासांत गावचे हौद भरभरून वाहू लागले होते. हेगलरांनी त्या भोकात सुमारे ९०० किलो मीठ सोडले. हौदाचे पाणी खारट झाले. मग त्याहून अधिक पीठ कालवून सोडले. पिठाचा कणही आला नाही. म्हणजे डोंगराने पाणी गाळले खरे, पण रोग गाळला नाही. (हा जंतू एबेर्टने दाखवला तो पुढे १८८० साली, त्याच्यापुढे पिठाचा कण म्हणजे धोंडाच.)

त्या सहा विहिरी पाहून कोणी म्हणेल, ज्याने त्याने आपले पाहावे. आम्हांला हे मान्य नाही. विहीर खणण्याची ऐपत सर्वांची नसते, वाटसरूची तर नाहीच नाही. हौद सार्वजनिक, तर त्याच्या वरच्या अंगाचा ओढा, कुरण, शौचकूप यांवरचा पहाराही सार्वजनिकच हवा. आपली घाण डोंगर ओलांडते, हे त्या शेतकऱ्याला कोण सांगणार होते?

त्याच देशात, झेर्माट या प्रवाशांच्या गावी, १९६३ साली पाण्यातूनच विषमज्वर पसरला. रोगी ४३७, मृत्यू तीन. हा ताप दिसायला एक ते तीन आठवडे लागतात. पुष्कळ प्रवासी तोवर आपापल्या देशी पोचले होते.