औषधाला न जुमानणारे रुग्णालयांतील जंतु

कर्नाटकाच्या सीमेला भिडलेला जतचा मुलूख अवर्षणाचा. डफळ्यांचें हें संस्थान ८ मार्च १९४८ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. परंतु दुखणें हाताबाहेर गेलें म्हणजे रोग्याला मिरजेस न्यावयाचें, ही त्या भागाची रीत संस्थानाबरोबर संपली नाहीं. सर विल्यम वान्लेस यांनीं मिरजेचें मिशन रुग्णालय १८९४ सालीं उघडलें, तेव्हां पेनिसिलिनचा शोध लागावयास अजून ३४ वर्षें अवकाश होता. जखम चिघळली तर तिच्यावर खात्रीचा उतारा नव्हता. म्हणून ती चिघळूं न देणें हेंच शल्यवैद्याचें खरें कौशल्य. उकळतें पाणी, कार्बोलिक, स्वच्छ वस्त्रें आणि धुतलेले हात, एवढ्या साहित्यावर त्या काळच्या शस्त्रक्रिया उभ्या होत्या.

हें ज्ञान वैद्यकाला स्वस्तांत मिळालें नव्हतें. व्हिएन्नाच्या एका प्रसूतिगृहांत १८४७ सालच्या एप्रिल महिन्यांत शेंकडा १८ बाळंतिणी दगावल्या. शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर व विद्यार्थी त्याच हातांनीं त्यांना तपासतात, हें इग्नाझ सेमेलवाइस यांच्या ध्यानांत आलें. त्यांनीं क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याची सक्ती केली, आणि जूनमध्येंच हें प्रमाण अडीचाच्या आंत आलें. रोग्याचा काळ वैद्याच्याच हातावरून येतो, ही गोष्ट मात्र वैद्यमंडळींना पुढें कित्येक वर्षें रुचली नाहीं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत पेनिसिलिन हातीं आलें आणि ही सारी काटेकोर शिस्त जुन्या पिढीच्या सोवळ्यासारखी वाटूं लागली. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयांत मेरी बार्बर या विदुषी त्याच सुमारास रोग्यांपासून मिळालेले स्टॅफिलोकॉकस जंतु तपासत होत्या. १९४६ सालीं त्यांपैकीं शेंकडा १४ पेनिसिलिनला दाद देत नव्हते. १९४८ सालीं तोच आंकडा ५९ वर गेला. दोन वर्षांत जंतु कांहीं नवी विद्या शिकले, असा याचा अर्थ नव्हे. पेनिसिलिन मोडून टाकणारें द्रव्य निर्माण करणारे जंतु पूर्वींपासूनच थोडेबहुत होते. औषधानें त्यांचे दुबळे भाऊबंद मारले व मोकळी झालेली जागा यांना मिळाली. आणि एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर त्यांना पोंचविण्याचें काम माणसांच्या हातांनीं व उपकरणांनीं केलें. औषधाचा मारा जेथें सर्वांत अधिक, तेथेंच अशक्त देहांची दाटीहि सर्वांत अधिक. जंतूंच्या दृष्टीनें रुग्णालयासारखी सोय अन्यत्र नाहीं.

आपल्याकडे १९५४ सालीं पुण्याजवळ पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली. परदेशांतून आणावें लागणारें औषध देशांत बनूं लागलें, याचा आनंद रास्तच होता. पण औषध सुलभ झालें तसा त्याचा दुरुपयोगहि सुलभ झाला. ज्या सर्दीपडशावर त्याचा काडीमात्र उपयोग नाहीं, तेथेंहि तें दिलें जाऊं लागलें. दोन दिवसांत बरें वाटलें कीं उरलेल्या गोळ्या फडताळांत. जुनें औषध थकलें म्हणजे नवें काढावयाचें, हा क्रम चालतां चालतां कार्बापेनेम या वर्गापाशीं येऊन ठेपला. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयांतील तज्ज्ञांनीं ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या अवधींत त्यालाहि न जुमानणारे आंतड्यांतील जंतूंचे २४ नमुने तपासले. त्यांपैकीं २२ नमुन्यांत एकच नवें जनुक निघालें. तें एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीकडे जाऊं शकतें, हें त्याचें विशेष भयानकपण.

हें जनुक प्रथम सांपडलें तें स्वीडनमधील एका रोग्यांत. तो आधीं नवी दिल्लींतील रुग्णालयांत राहून गेलेला असल्यानें जनुकास दिल्लीचें नांव पडलें. २०१० सालीं त्यावरून देशांत व संसदेंत बरेंच वादळ उठलें. राजधानीची बदनामी कोणालाहि बोंचावी हें खरें. पण नांवासाठीं जितका आवेश खर्ची पडला, तितका रुग्णालयांतील मोरीसाठीं व साबणासाठीं पडला नाहीं. २०१३ सालीं मात्र अशा कांहीं औषधांसाठीं नवा नियम झाला: वैद्याच्या चिठ्ठीवांचून तीं विकूं नयेत आणि विक्रीची नोंद तीन वर्षें ठेवावी.

मिरजेहून वा मुंबईहून घरीं परतलेल्या रोग्याच्या आंतड्यांत असा जंतु कित्येक महिने, कांहीं एक त्रास न देतां, वस्ती करून राहूं शकतो. तो रोगी पुन्हां एखाद्या रुग्णालयांत गेला म्हणजे त्याच्यासंगें जंतूहि तेथें जातो. पुढील प्रवास कोणाच्या तरी हातावरून. जिनिव्हाच्या विद्यापीठीय रुग्णालयांत दिदिए पित्ते यांनीं खाटेशेजारींच मद्यार्काचें हात-निर्जंतुक ठेवविलें. हात स्वच्छ करण्याच्या प्रसंगांपैकीं १९९४ सालीं शेंकडा ४८ प्रसंगीं ते स्वच्छ केले जात. १९९७ सालीं ६६ प्रसंगीं. तेवढ्यानें रुग्णालयांत जडणाऱ्या संसर्गाचें प्रमाण शेंकडा १६.९ वरून ९.९ वर उतरलें. उरलेल्या ३४ प्रसंगीं मात्र त्या नामांकित रुग्णालयांतहि हात तसेच रोग्याला लागत होते.