जादा मृत्यूंची कुळकथा

कोरोनाच्या साथीतला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा तो काळा नकाशा अनेकांना आठवत असेल. लॉरेन गार्डनर आणि त्यांचा विद्यार्थी एन्शेंग डाँग यांनी तो २२ जानेवारी २०२० रोजी इंटरनेटवर टाकला. सुरुवातीला आकडे हातानेच भरले जात. पुढे तीन वर्षं त्यावरचे लाल ठिपके बघून जग देशांची क्रमवारी लावत बसलं. क्रिकेटच्या धावफलकासारखंच ते, फक्त इथे प्रत्येक संघाचा स्कोअरर घरचा आणि नियमही त्याचेच.

बेल्जियमने वृद्धाश्रमांतले, चाचणी न झालेले संशयित मृत्यूही धरले आणि बदनामी ओढवून घेतली. ब्रिटनने ऑगस्ट २०२० मध्ये चाचणीनंतर २८ दिवसांच्या आत झालेले मृत्यूच मोजायचं ठरवलं, तर एकूण आकड्यातून ५,३७७ बळी एका फटक्यात वजा झाले. पेरूने उलट केलं. ३१ मे २०२१ रोजी त्याने ६९,३४२ हा आपला आकडा १,८०,७६४ वर नेला. खरं बोलल्याचं बक्षीस म्हणजे लोकसंख्येच्या मानाने सर्वाधिक मृत्यूंचा देश ही ओळख.

यावर एक उतारा आहे. माणूस कशाने गेला हे विचारूच नका. एरवीच्या वर्षी किती जातात आणि यंदा किती गेले, एवढीच वजाबाकी करा. ही युक्ती कुठल्या साथरोगतज्ज्ञाची नाही, लंडनमधल्या एका कापडाच्या व्यापाऱ्याची आहे.

सतराव्या शतकात त्या शहरात दर आठवड्याला मृत्यूंच्या याद्या छापून निघत. कारण ठरवायला चर्चने नेमलेल्या म्हाताऱ्या बायका घरोघर जाऊन प्रेत पाहत. प्लेग निघाला की घराला बाहेरून टाळं ठोकलं जाई, म्हणून घरचे भलतंच कारण सांगत. (१८९७ मध्ये पुण्यात झडत्या सुरू झाल्यावर लोकांनी रोगी लपवले, ते अशाच धास्तीने.) तो कापडाचा व्यापारी म्हणजे जॉन ग्राँट. त्याने १६६२ च्या आपल्या पुस्तकात १६२५ च्या साथीच्या याद्या तपासल्या. त्या वर्षी प्लेग सोडून बाकीच्या कारणांनी मेलेलेही नेहमीच्या दुपटीहून जास्त होते. बाकीचे रोग एकदम त्याच वर्षी कसे बळावले? ग्राँटने हिशेब मांडला : नोंदल्यापेक्षा सुमारे चौथा हिस्सा जास्त माणसं प्लेगने मेली असणार. त्याच्याकडे ना सूक्ष्मदर्शक होता, ना डॉक्टरी शिक्षण.

ब्रिटिश सांख्यिकीतज्ज्ञ विल्यम फार याने १८४७ च्या इन्फ्लुएन्झाला हीच रीत लावली. देशोदेशींच्या तुलनेसाठी मृत्यूच्या कारणांची नावं तरी एक असावीत, म्हणून १८५३ मध्ये ब्रुसेल्सच्या सांख्यिकी परिषदेने त्याच्यासह दोघांवर काम सोपवलं. आजच्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाची मुळं तिथली.

१९१८ ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएन्झाचीच साथ, मुंबई बंदरातून देशभर पसरली. सरकारी आरोग्य आयुक्तांचा अंदाज होता साठ लाख मृत्यूंचा. पुढे १९२१ च्या जनगणनेत माणसंच कमी भरली आणि लोकसंख्याशास्त्रज्ञ किंग्जली डेव्हिसने मांडलेला हिशेब दीड कोटीच्या पुढे गेला.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पुन्हा तीच वजाबाकी केली. २०२० आणि २०२१ मिळून जगात १ कोटी ४९ लाख जादा मृत्यू. देशांनी कळवले होते सुमारे ५४ लाख. भारतासाठीचा अंदाज ४७ लाख, सरकारी आकडा ४ लाख ८१ हजार. दिल्लीने आक्षेप घेतला की हे प्रत्यक्ष नोंदींवरून नव्हे, गणिती प्रारूपावरून काढलं आहे. आक्षेप खोटा नव्हता, पण प्रारूपाची पाळी आली ती पुरत्या नोंदी हाती नव्हत्या म्हणूनच. आपल्याकडे नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकीही जेमतेम पाचव्या हिश्श्यालाच कारणाचा वैद्यकीय दाखला मिळतो.