भिवापूरच्या पांदणी : रहदारीने मागे ठेवलेल्या वाटा

शहरातल्या सायकलस्वारांना अलीकडे मुरमाच्या, मोटारी नसलेल्या, शेतशिवारातून जाणाऱ्या वाटांची ओढ लागली आहे. त्यासाठी ग्रॅव्हल बाइक नावाची खास सायकलही बाजारात आली आहे. ओढ वाढली की खास सायकलमार्ग बांधून देण्याची मागणीही पाठोपाठ येते. नागपूर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला असलेल्या भिवापूर तालुक्याचा इतिहास पाहिला तर ही मागणी तिथे तरी गैरलागू ठरते. गावापासून शेतापर्यंत आणि एका शिवारातून दुसऱ्या शिवारात जाणाऱ्या पांदणी तिथे आधीपासून आहेत. त्या बैलबंडीसाठी पडल्या, गावाच्या वहिवाटीने टिकल्या आणि मोठी रहदारी दुसरीकडे वळल्यामुळे मोकळ्या राहिल्या. हा वारसा नव्याने बांधायचा नाही. तो मोजायचा आहे, नोंदवायचा आहे आणि अडवू द्यायचा नाही.

या मुलखातली ये-जा फार जुनी आहे. पूर्वेला वैनगंगेकाठी पवनीला 1969-70 साली झालेल्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष मिळाले. शेजारच्या कुही तालुक्यात अडम येथे सातवाहनकालीन तटबंदीची वसाहत सापडली. आजची अमुक पांदण त्या काळची आहे असे यावरून म्हणता येणार नाही, पण नदीकाठची नगरे आणि आतला शेतीचा प्रदेश यांच्यात वाटा असल्याशिवाय अशी नगरे जगत नाहीत, एवढे नक्की. खरा कागदी पुरावा सुरू होतो तो इंग्रजी अमलात. 1854 साली भोसल्यांचे राज्य खालसा झाले, 1861 साली मध्य प्रांत स्थापन झाला आणि गावोगाव मालगुजारी पद्धत रुजली. 1890 च्या दशकात रेजिनाल्ड क्रॅडॉक यांच्या देखरेखीखाली नागपूर जिल्ह्याची नवी जमाबंदी झाली. गाव मालगुजाराच्या मालकीचे असले तरी सरपण, चराई, पाणी आणि जाण्यायेण्याची वाट यांवर साऱ्या गावाचा हक्क मानला जाई. तो निस्तार आणि वाजिब-उल-अर्ज या कागदांत उतरे. मालगुजारी 1951 साली संपली, पण हा हक्क संपला नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये विदर्भासाठी निस्तारपत्रक (कलम 161) आणि वाजिब-उल-अर्ज (कलम 165) यांची तरतूद मुद्दाम ठेवली आहे. पांदण ही कुणाच्या मेहेरबानीची वाट नाही, ती गावाच्या सामाईक हक्काची आहे, हे या कागदांतून दिसते.

मग या वाटा रहदारीपासून वाचल्या कशा? त्याचे उत्तर रुळांत आहे. बंगाल-नागपूर रेल्वेने 1908 साली नागपूर-नागभीड हा अरुंद मार्ग सुरू केला. रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट आणि वाटेत उमरेड, भिवापूर ही स्थानके. लांबच्या बाजाराला जाणारा माल हळूहळू रेल्वेकडे गेला आणि बंडीकडे शेत ते गाव, गाव ते स्थानक एवढाच पल्ला उरला. पुढे डांबरी रस्ता आला. आज नागपूर-उमरेड-भिवापूर-नागभीड हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग 353-डी आहे आणि ट्रक, बस, मोटारी सगळे त्याच्यावरून धावतात. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याने तिसरा बदल घडवला. काही गावे उठली, नव्या गावठाणांना नवे रस्ते मिळाले आणि जुन्या वाटा पाण्यापाशी येऊन थांबल्या. दर खेपेला दूरचा प्रवास पांदणीवरून उठून दुसरीकडे गेला. पांदणीच्या वाट्याला शेतकरी, मजूर, गुरे आणि भौगोलिक मानांकन मिळालेली भिवापुरी मिरची सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवण्याच्या जागी, नेणाऱ्या गाड्या एवढेच राहिले.

या वाटेची घडण जवळून पाहिली तर ती सायकलला का मानवते हे कळते. जुन्या बंडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवलेली असे. वर्षानुवर्षे एकाच जागेवरून फिरून ती धाव मुरूम दाबून टणक करी. त्यातून दोन चाकोऱ्या पडत, मध्ये गवताचा पट्टा राही आणि दोन्ही अंगांना धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बोर, बाभूळ, पळस वाढत. आजच्या ग्रॅव्हल बाइकचे टायर साधारण 35 ते 50 मिलिमीटर रुंदीचे असते आणि ते या चाकोरीत नीट बसते. यात परके काही नाही. ॲटलस (1951) आणि हिरो (1956) यांसारख्या कारखान्यांतून निघालेल्या काळ्या दणकट सायकलींचे टायर दीड इंचाचे, म्हणजे सुमारे 38 मिलिमीटरचे असे. शाळामास्तर, दूधवाले आणि टपालवाले याच सायकली खेड्यापाड्यांत चालवत आले. आज ज्याला नवा छंद म्हणतात, ते त्यांचे रोजचे चालवणे होते.

पांदणी सायकलसाठी जपण्यावर पहिला आक्षेप शेतकऱ्याच्या बाजूने येतो आणि तो सर्वांत वजनदार आहे. पावसाळ्यात काळ्या मातीत ट्रॅक्टर रुततो, हार्वेस्टर शेतापर्यंत पोहोचत नाही, निघालेला माल वेळेवर बाहेर येत नाही. अशा वेळी शहरी हौसेपायी पांदण कच्ची ठेवायची का? तशी मागणी करणे अन्याय ठरेल. पण शेतकऱ्याला हवा असतो बारमाही रस्ता, आणि बारमाही म्हणजे काँक्रीटचाच असे नाही. माती काढून, खडी-मुरूम दाबून, मधोमध उंचवटा आणि दोन्ही बाजूंना नाली दिली की पांदण पावसात टिकते. 2021 च्या मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजनेचे उद्दिष्टही असेच बारमाही शेतरस्ते हे आहे. अशा रस्त्यावरून ट्रॅक्टर जातो आणि सायकलही जाते. काँक्रीट झाले की मात्र महामार्गाला बगल देणाऱ्या मोटारी आणि वाळूचे टिप्पर त्याच वाटेने घुसतात. त्याचा त्रास सायकलस्वाराच्या आधी गुरे घेऊन निघालेल्या गुराख्याला होतो. इथे शेतकऱ्याचे आणि सायकलस्वाराचे हित एकच आहे.

दुसरा आक्षेप असा, की नकाशावरची पांदण शिवारात उरलीच कुठे? धुरा दरवर्षी वितभर सरकतो आणि काही वर्षांत बंडीची वाट पायवाटेएवढी होते. हे खरे आहे, पण उपायही आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली वहिवाटीतला अडथळा काढण्यासाठी तहसीलदाराकडे जाता येते, मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत. बांधावरून वाट मागण्यासाठी महसूल संहितेचे कलम 143 आहे. मे 2025 मध्ये शासनाने शेतरस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घेण्याचेही ठरवले. जी वाट वापरात असते ती गिळणे अवघड जाते. म्हणून बाहेरून येणारा सायकलस्वार हा पांदणीचा साक्षीदार ठरू शकतो.

तिसरा आक्षेप जंगलाचा आहे आणि तो पूर्णपणे मान्य करायला हवा. 2012 साली घोषित झालेले उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य भिवापूर तालुक्यातही पसरले आहे. त्यातल्या जुन्या गाडवाटा कितीही सुंदर असल्या तरी वन्यजीव कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय तिथे पाऊल टाकता येत नाही, आणि तेच योग्य आहे. वाघ अभयारण्याची हद्द पाळत नाही. म्हणून जंगलालगतच्या पांदणींवर पहाटे व सांजवेळी जाऊ नये आणि दिवसा जाण्याआधीही गावकऱ्यांना विचारावे. पांदणींऐवजी रेल्वेच्या जुन्या वाटेवर सायकलमार्ग करावा, असेही कुणी म्हणेल. स्पेनने 1993 पासून बंद पडलेल्या लोहमार्गांवर असे मार्ग केले. पण भिवापूरची अरुंद गाडी 2019 मध्ये थांबली ती रूळ रुंद करण्यासाठी. त्या जागेवर पहिला हक्क रेल्वेचा आणि तिने प्रवास करणाऱ्या लोकांचा आहे.

पांदणींसारख्या वाटा इतरत्र कशा वाचल्या हेही पाहण्यासारखे आहे. इटलीतल्या तोस्कानात पांढऱ्या मातीचे रस्ते डांबराखाली जाऊ लागले, तेव्हा 1997 साली ‘लेरोइका’ ही सायकलफेरी सुरू झाली. ते रस्ते जपण्याचा आग्रह तिच्या मुळाशी होता. इंग्लंडमध्ये 1949 च्या कायद्याने सार्वजनिक पायवाटा व घोडवाटांचे अधिकृत नकाशे करणे बंधनकारक झाले आणि 1968 साली घोडवाटांवर सायकलला मुभा मिळाली. या दोन्ही ठिकाणी नवी वाट बांधली नाही; इंग्लंडमध्ये आधी वाट नोंदवली गेली आणि सायकल नंतर आली, तर तोस्कानात सायकलफेरीच जुनी वाट जपण्यासाठी निघाली. भिवापूरला निस्तारपत्रक आणि गावनकाशा आधीच हाताशी आहेत. म्हणून ग्रामपंचायतींनी ग्रामसभेत आपापल्या पांदणींची यादी वाचून दाखवावी, भूमापनाने हद्दी कायम कराव्यात, अडलेल्या वाटा मोकळ्या कराव्यात आणि खडी-मुरमाने त्या पक्क्या कराव्यात. सायकलस्वारांनीही या वाटेवर शेतकऱ्याच्या हक्काने आलेले पाहुणे म्हणून यावे, उभ्या पिकात पाय घालू नये आणि बंडी समोरून आली की आधी आपण बाजूला व्हावे.