झाकलं म्हणजे दुरुस्त झालं का?

मित्रांनो, पोस्ट थोडी मोठी आहे. पण आपल्यापैकी निम्मे लोक ज्या इमारतींत राहतात किंवा दुकान चालवतात, त्यांचाच हा विषय आहे. म्हणून शेवटपर्यंत वाचा.

मागच्या आठवड्यात आपल्याकडच्या एका जुन्या कॉम्प्लेक्सच्या मीटिंगला गेलो होतो. खाली गाळे, पहिल्या मजल्यावर दवाखाना आणि क्लास, वर फ्लॅट. इमारतीला चाळीस वर्षं होऊन गेलीत. या पावसाळ्यात छज्ज्याचा एक तुकडा खाली आला. रात्रीची वेळ होती, शटर बंद होतं, म्हणून निभावलं.

मीटिंगमध्ये विषय निघाला की रस्त्याच्या बाजूने सगळीकडे एसीपी शीट मारून घेऊ. "भाऊ, एकदा शीट लागली की बिल्डिंग नवी दिसेल आणि तुकडे पडायचं टेन्शन संपेल," एक गाळेधारक मला म्हणाले. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "आणि आमच्या मागच्या भिंतीतून पाणी येतंय, त्याचं काय?" त्यावर कोणी काही बोललं नाही.

तेव्हा मला लंडनची एक इमारत आठवली. तिच्याकडे येतोच, पण आधी काँक्रीटचा थोडा इतिहास.

आरसीसीच्या सुरुवातीच्या गोष्टीत एक फ्रेंच माळी आहे. जोसेफ मोनिए त्याचं नाव. सिमेंटच्या कुंड्या फुटू नयेत म्हणून त्याने आत लोखंडी जाळी घातली आणि १८६७ साली पेटंट घेतलं. सिमेंट दाब सोसतं, लोखंड ताण सोसतं. दोघांची जोडी जमली आणि जगभर मजले चढले.

आपल्या गावांत ही जोडी उशिरा आली. वाडे पाडून कॉम्प्लेक्स उभे राहिले ते मुख्यतः सत्तर-ऐंशीच्या दशकांत. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं. १९८२ साली नियंत्रण थोडं सैल झालं आणि १९८९ साली पूर्ण उठलं. त्या काळात घर बांधलेल्या कोणाही वडीलधाऱ्याला विचारा, एकेका पोत्यासाठी काय खटपट करावी लागायची ते सांगतील. त्या इमारती आज आजोबा झाल्यात.

काँक्रीट म्हातारं होतं म्हणजे काय होतं? ताज्या काँक्रीटमध्ये अल्कली भरपूर असते, त्यामुळे आतल्या सळ्यांना गंज धरत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरतो आणि हे संरक्षण कमी होत जातं. त्यात ओल आली की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, मग तो आतून काँक्रीटला ढकलतो. आधी चीर, मग पोपडा, मग तुकडा. म्हणजे रस्त्यावर पडलेला तुकडा हा आजार नाही, ते आजाराचं लक्षण आहे.

आता लंडन. ग्रेनफेल टॉवर. १९७४ साली पूर्ण झालेली २४ मजली काँक्रीटची इमारत. वर सामान्य, कष्टकरी लोकांची घरं आणि खालच्या मजल्यांवर बालवाडी, बॉक्सिंग क्लब. चाळीस वर्षांनी तिचं नूतनीकरण निघालं. थंडीपासून बचाव व्हावा आणि इमारत दिसायलाही बरी व्हावी, म्हणून बाहेरून नवं आवरण चढवलं. आधी जस्ताच्या पत्र्याचा विचार होता. पुढे त्याऐवजी अॅल्युमिनियमचं पॅनेल आलं आणि त्यात सुमारे २ लाख ९३ हजार पौंड वाचले. या पॅनेलमध्ये अॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये पॉलिथिलीन होतं, म्हणजे ज्याच्या पिशव्या आपण बाजारात वापरतो त्याच जातीचं प्लास्टिक. २०१६ साली काम पूर्ण झालं.

१४ जून २०१७ च्या मध्यरात्रीनंतर चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात फ्रिजला आग लागली. एरवी ती त्या फ्लॅटपुरतीच राहिली असती. पण खिडकीच्या कडेने ती बाहेर पडली आणि आवरणाला लागली. पॅनेलच्या मागे पोकळी होती, तिचं धुराडं झालं. वीसेक मिनिटांत ज्वाळा छतापर्यंत पोचल्या. "घरातच थांबा" ही सूचना जवळपास दोन तास कायम होती. ७२ माणसं गेली.

एक गोष्ट लक्षात घ्या. चाळीस वर्षांचा काँक्रीटचा सांगाडा आगीनंतरही उभा होता. जळालं ते वर्षभरापूर्वी चढवलेलं नवं आवरण.

तिथल्या रहिवाशांच्या गटाने आगीच्या काही महिने आधी, नोव्हेंबर २०१६ मध्ये, लिहून ठेवलं होतं की मोठी दुर्घटना झाल्याशिवाय आमचं कोणी ऐकणार नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये चौकशीचा शेवटचा अहवाल आला. हे सगळे मृत्यू टाळता आले असते, असं चौकशीचे अध्यक्ष सर मार्टिन मूर-बिक यांनी स्पष्ट सांगितलं. इंग्लंडने मात्र १८ मीटरपेक्षा उंच निवासी इमारतींवर पेट घेणाऱ्या आवरणाला बंदी घातली ती २०१८ च्या अखेरीस, आग लागून गेल्यावर.

ग्रेनफेलनंतर ४१ दिवसांनी, २५ जुलै २०१७ रोजी, मुंबईत घाटकोपरला चार मजली इमारत कोसळली. १७ माणसं गेली. वर घरं होती आणि तळमजल्यावर नर्सिंग होमच्या जागेत काम चालू होतं. त्या कामात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. तिथे आग नव्हती, आवरणही नव्हतं. पण दुखणं ओळखीचं आहे. खालच्या मजल्यावर एकाचं काम चालतं आणि जीव वरच्यांचा टांगणीला लागतो.

आता परत आपल्या कॉम्प्लेक्सकडे. गाळेवाल्यांना दर्शनी बाजू चकचकीत हवी आणि दिवाळीच्या सीझनमध्ये परांची नको. त्यांचंही चुकत नाही, पोट त्यावर आहे. वरच्यांना गळती थांबायला हवी. पण सगळ्यात जास्त खराब असते ती मागची बाजू, जिथे संडास-बाथरूमचे पाइप गळतात. ती रस्त्यावरून दिसत नाही, म्हणून तिच्यासाठी कोणाचा खिसा उघडत नाही. आणि पुढच्या बाजूने शीट मारली की काय होणार? चिरा दिसणार नाहीत, ओल आतच राहील, सळई गंजत राहील. वर तीच शीट दुकानांच्या बोर्डांच्या वायरी आणि एसीच्या युनिटांना खेटून बसणार.

मी इंजिनिअर नाही. पण जाणकारांशी बोलून जे समजलं ते सांगतो. आधी स्ट्रक्चरल ऑडिट. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी ऑडिट सांगितलंय. हातोडीने ठोकून पोकळ आवाज कुठे येतो ते पाहतात. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फेनॉल्फथॅलिन फवारतात. गुलाबी झालं तर अल्कली शाबूत, रंग आला नाही तर संरक्षण गेलेलं. मग गळती बंद करायची, सैल काँक्रीट काढायचं, सळ्या साफ करून गंजरोधक लेप द्यायचा, गरज असेल तिथे नवी सळई जोडायची आणि मग भरणी. हे सगळं चारही बाजूंनी. कामाच्या काळात दुकानांवर मजबूत छत आणि गिऱ्हाइकांना वाट. एकेका बाजूचं काम टप्प्याने घेतलं तर सीझनही सांभाळता येतो.

एवढं झाल्यावर आवरण हवंच असेल तर जरूर लावा. पण ठेकेदाराला एकच प्रश्न लेखी विचारा, "पत्र्याच्या आत काय आहे?" पॉलिथिलीन असेल तर स्वस्त पडलं तरी नको. पेट न घेणारा माल मिळतो, त्याचा चाचणी अहवाल मागा.

पुढची मीटिंग येत्या रविवारी आहे. गाळेवाले येतीलच. वरच्या मजल्यावरच्यांनो, तुम्हीही या. काकूंचा प्रश्न या वेळी इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठू नका.